मुद्देमालाच्या खोलीतला धूर

ती घटना आठवली की आधी माझं नाक जागं होतं. गंधक जाळल्यासारखा उग्र वास, पाठोपाठ ठसका आणि मग आमच्या हवालदारांची आरोळी, "साहेब, पळा, ठाणं पेटलं!" तीस वर्षं खात्यात काढली, बरीच ठाणी पाहिली. पण ज्या जळिताचा तपास चालू आहे तसंच जळीत ठाण्याच्या आत, माझ्या टेबलापासून वीस पावलांवर घडावं, आणि तेही संशयित माझ्यासमोर चहा पीत बसलेला असताना, हे भाग्य खात्यात फार थोड्यांना लाभलं असेल.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या हद्दीजवळचं ते ठाणं. मी वाईहून बदलून आलो होतो. वाईला घाटावरून गेलेल्या चपला आणि शाळेच्या आवारातून गेलेल्या सायकली शोधण्यात माझे दिवस बरे चालले होते. इथं चारी बाजूंना ऊस आणि हंगामात गुऱ्हाळांचा धूर. एका दुपारी ठाणे अंमलदारानं वर्दी घेतली की अमुक गावच्या गुऱ्हाळाच्या कोठीला आग लागली आहे. माणसं तेव्हा झाडाखाली जेवायला बसली होती, त्यामुळे जीवितहानी नव्हती. कोठी मात्र पत्र्यासकट गेली. मालकानं फिर्यादीत सरळ नाव घेतलं. आग लावली ती त्यानं कामावरून काढलेल्या गुळव्यानं.

गुळव्या म्हणजे गुऱ्हाळाचा खरा राजा. काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला उकळता रस कधी उतरवायचा हे त्याच्या नजरेवर ठरतं. हा गृहस्थ पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातला, घरी मेंढरं, साठीला आलेला. सगळे त्याला मामा म्हणत. रसातली मळी काढायला मामा रानभेंडीचा चीक वापरायचा. मालकाला बाजारात उठून दिसणारा पिवळाधमक गूळ हवा होता, म्हणून त्यानं हायड्रॉस पावडरचे दोन डबे आणले. ही पावडर म्हणजे मिठासारखं दिसणारं, कापड रंगवायच्या कारखान्यातलं रसायन. मामा म्हणाला, मी ही रसात घालणार नाही. मालक म्हणाला, मग चालता हो. मामानंही चार माणसांदेखत सुनावलं, "तुजं गुऱ्हाळ जळंल एक दिस!" आणि आठवड्यात कोठी जळाली. आता सांगा, कोणत्या फौजदाराला दुसरं काही सुचेल?

त्यात एक निनावी फोन आला. "सायेब, आगीच्या आधी मामा मागच्या कुंपणातनं भायेर पडताना बघितलाय. मुठीत कायतरी लपवलं हुतं." झालं. माझ्या डोक्यात काडेपेटी पेटली. मामाला चौकशीला बोलावलं.

मामा आला, टोपी काढून बाकावर बसला. मी विचारलं, "त्या दिवशी गुऱ्हाळात गेला होतात?"

"न्हाई."

"साक्षीदार आहे मामा. कुंपणातून बाहेर पडताना पाहिलंय."

मामाचं तोंड लाल झालेलं. एवढी वर्षं माणसं समोर बसवली आहेत. खोटं बोलणाऱ्याचे कान आधी तापतात, मामाचे तर काहिलीसारखे तापले होते. मुठीत काय होतं विचारलं, तर नजर थेट फरशीला. मग एकदम म्हणाला, "आवं सायेब, आग कुनी लावली न्हाई. ती पावडर ओली झाली की आपसूक पेटती. मी फलटनकडं एका गुऱ्हाळात बघितलंय."

मी मोठ्यानं हसलो. "पाण्यानं आग लागते? वा मामा! मग अग्निशमनवाले काय रॉकेल मारतात काय?" सगळं ठाणं हसलं. मामा हसला नाही. एवढंच म्हणाला, "सायेब, ऐन हंगाम हाय. तीन मालकांनी मला नगं म्हनून फोन केलाय. लोक आगलाव्या म्हनाय लागल्यात. माज्या हाताला कोन काम देनार आता?"

ते वाक्य मला लागलं, खोटं कशाला बोलू. पण फौजदाराला वाईट वाटून चालत नाही, असा माझा त्या वेळचा समज होता. मामाला रोज सकाळी हजेरी लावली.

इकडे मुद्देमाल जमा झाला होता. पंचनाम्यात नोंद होती: एक डबा पूर्ण जळालेला, त्याच्या तळाशी वितळलेला प्लास्टिकचा मग, दुसरा डबा बाहेर काहिलीपाशी सापडलेला, अर्धा भरलेला, झाकणाला चीर. हा दुसरा डबा सील करून रासायनिक तपासणीला पाठवायचा होता. तो पाठवायचं पत्र तयार होईपर्यंत आमच्या मुद्देमाल कारकुनानं, म्हणजे आमच्या अनुभवी हवालदारांनी, तो मुद्देमालाच्या खोलीत ठेवला. चिरेवर कागद चिकटवून लाखेचं सील मारलं आणि गडी मोकळा झाला.

आता गंमत ऐका. मुद्देमालाची खोली ही ठाण्यातली सगळ्यात गार खोली. म्हणून याच हवालदारांनी पाण्याचा माठ तिथंच ठेवलेला. आणि माठातून पाणी घ्यायचा मग ठेवायला त्यांना ऐन उंचीची जागा मिळाली, ती त्या डब्याचं झाकण. सगळं ठाणं पाणी प्यायचं आणि ओला मग डब्यावर ठेवून जायचं. मीही त्यात आलोच.

चौथ्या दिवशी मामा हजेरीला आला. का कोण जाणे, मी त्याला चहा सांगितला. तेवढ्यात हवालदार माठ भरायला गेले, घागर कलंडली आणि धार सगळी डब्यावर. त्यांनी झाकण पुसलं, कुणाला सांगितलं नाही. थोड्या वेळानं तो वास आला, मग खोकला, मग आरोळी. खोलीच्या दारातून पांढरा धूर येत होता. हवालदारांनी मगभर पाणी मारलं तर आतून फुस्स करून ज्वाळाच वर आली. एका शिपायानं लाल बादलीतली वाळू ओतली. वाळूखालूनही धूर काही थांबेना.

"मगानं नगं!" मामा कप टाकून ओरडला. "भायेर निघा समदी! वारं पाठीवर घ्या! थोड्या पान्यानं भडकतंय त्ये, पाईप लावा पाईप, बुडवून काडा!"

माझ्या ठाण्यात माझ्या आधी दुसऱ्यानं हुकूम दिला आणि सगळ्यांनी तो पाळला, अशी ती एकच वेळ. सगळे बाहेर आलो. गाड्या धुवायचा बोअरचा पाईप खिडकीतून आत सोडला आणि वाऱ्याकडे पाठ करून लांबूनच पाण्याचा लोंढा सुरू ठेवला. नगरपालिकेचा बंब येईपर्यंत धूर बसला होता. दोन चाकू, एक तराजू आणि चोरीची एक शिलाई मशीन काळी पडली. माठ फुटला. हवालदार त्या माठासाठी जास्त हळहळले.

बंबावरच्या अधिकाऱ्यानं मला बाजूला घेऊन सगळं नीट समजावलं. ही पावडर ओल लागली की स्वतःच तापते, पेटते आणि गुदमरवणारा वायू सोडते. तिला जळायला बाहेरची हवाही लागत नाही, म्हणून वाळूनं किंवा पोत्यानं झाकून ती विझत नाही. एकतर भरपूर पाणी, नाहीतर लांब राहा. ठेवायची ती मूळच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी, जमिनीपासून वर फळीवर. कोरड्या हातमोज्यानं, कोरड्या मापानं काढायची, उरलेली परत डब्यात टाकायची नाही आणि आम्लाजवळ तर अजिबात न्यायची नाही. "आणि साहेब," तो हळूच म्हणाला, "माठाखाली तर मुळीच नाही."

तेव्हा मला पंचनाम्यातला तो वितळलेला मग आठवला. मालकाला बोलावून घेतलं. सुरुवातीला तो हातच झटकत होता. मग त्याला खोली दाखवली. काळी भिंत बघून त्याचा आवाजच उतरला. "फेस बसवायला पानी मारत हुतो. त्योच मग पावडरीत घातला, तसाच डब्यात ऱ्हायला. जेवाय बोलावलं म्हनून गेलो." म्हणजे त्याच्या कोठीतही तेच झालं, आणि आमच्याही. शहाणपण दोन्हीकडे सारखंच!

राहिला प्रश्न मुठीचा. मामा व्हरांड्यात डोळ्यांवर पाणी मारत होता. मी शेजारी बसलो. "मामा, आता तरी सांगा. मुठीत काय होतं?"

त्यानं टोपीनं तोंड पुसलं. मग म्हणाला, "गूळ."

"गूळ?"

"त्या पावडरीचा कसा झालाय, ते चाखाय गेल्तो. ऱ्हावंना. तुमाला ठावं हाय, गुऱ्हाळात आलेल्या मानसाला कुनी मोकळ्या हातानं धाडत न्हाई. पन त्यो मालकानं हातावर ठेवायचा आसतो. मी चोरून घेतला, सायेब. उभ्या जन्मात पयल्यांदा." आगलाव्या म्हटलेलं त्यानं चार दिवस सोसलं. गूळचोर म्हणवून घ्यायची त्याची तयारी नव्हती.

मला हसू आलं आणि लाजही वाटली. या माणसानं एका चिमूटभर गोष्टीत खोटं सांगितलं म्हणून त्याची डोंगराएवढी खरी गोष्ट मी हसण्यावारी नेली होती.

जळीत अपघाती असल्याचा अहवाल पाठवला, अन्न प्रशासनालाही पत्र गेलं. पण अहवाल गाव वाचत नाही. गावानं मामाला ठाण्यात जाताना पाहिलं होतं, म्हणून परत येतानाही नीट पाहायला हवं होतं. मी सरकारी जीप काढली. मामा सवयीनं मागं चढायला लागला. मी त्याला पुढं ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि स्वतः वर्दीत मागच्या बाकावर बसलो, जिथं आम्ही एरवी आरोपी बसवतो. भर बाजाराच्या वेळी जीप गावातून मुद्दाम सावकाश नेली. पारावरची माणसं उठून उभी राहिली. कोणी काही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

जीप गुऱ्हाळावर थांबली. तिथं नव्या गुळव्यानं नुकतीच काहील उतरवली होती, यावेळी पावडरीशिवाय. मालक खाली मान घालून उभा. काही ठिकाणी पोलिसानं गप्प बसलेलं बरं असतं. मालकानं वाफाळता तांबूस गूळ उसाच्या कांड्यावर घेतला, चार माणसांदेखत मामाच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "घ्या मामा. बघा जमलाय का. उद्यापास्नं तुमीच या."

मामानं लगेच तोंडात घातला नाही. हात तसाच पुढं धरून माझ्याकडे वळला. डोळे भरलेले, मिशीत हसू.

"सायेब, पंचनाम्यात लिवून घ्या," मामा म्हणाला. "मालकानं सोताच्या हातानं दिलाय."