उत्तर धाकट्यानंच द्यायचं

मंगळवार पेठेत माझी खोली आहे. अडकून पडलेल्या माणसांना प्रश्न विचारून पुढं सरकवायचं, हे माझं काम. कोचिंग म्हटलं की लोक दहावीच्या गणिताची चौकशी करतात, म्हणून दारावर 'शिकवणी नाही' असं लिहिलंय. त्याखाली दुसरी ओळ: ज्याचा प्रश्न, त्यानंच बोलायचं. ती आपल्याकडं कुणी पाळत नाही. बाईसोबत नवरा येतो, भाच्यासोबत मामा येतो, आणि सोबत आलेलाच सगळं बोलतो.

कबनूरचा एक यंत्रमागवाला माझ्याकडं यायचा. चाळिशीचा, दोन मुलांचा बाप. त्याला थोरल्या भावापासून आपले माग वेगळे करायचे होते आणि ते भावाला सांगायची छाती होत नव्हती. मी समोर रिकामी खुर्ची ठेवली. "इथं दादा बसलाय समजा. सांगा." तर हा गडी उठून उभाच राहिला! रिकाम्या खुर्चीसमोर! बसून बोलायची सवय लावण्यात दोन महिने गेले. मग म्हटलं, आता दादांना घेऊन या.

थोरले आले, ऐसपैस बसले. धाकटा भिंतीला टेकून उभा.

"बसा," मी त्याला म्हटलं.

"आमच्यात न्हाय बसत थोरल्यांम्होरं," थोरले म्हणाले.

"इथं बसतात." मी खुर्ची ओढून दिली. तो खुर्चीच्या कडेला टेकला. "तुम्हाला काय हवंय?"

"त्याला काय इचारताय? मला इचारा की!"

"तुमची पाळी नंतर."

"त्याला बोलाय येतंय व्हय? चार माणसं बसवून मिटवतो आमचं आमी."

"चार माणसं तुमचीच बाजू मांडतील. मी कुणाचीच मांडत नाही."

मग मी गप्प बसले. समोरचा शब्द जुळवत असताना त्याच्या तोंडात आपला शब्द घालायचा नाही, हे मी कटाक्षानं पाळते. थोरल्यांना ती शांतता सोसेना. त्यांनी तोंड उघडलं, तसा मी हात वर केला.

"दादा," धाकटा म्हणाला, "मला माजं माग येगळं पायजेत. दिवाळीच्या आत."

थोरले त्याच्याकडं नाही, माझ्याकडं वळले. "घरं फोडायचा धंदा हाय व्हय ह्यो?"

"त्यांनी तुम्हाला सांगितलंय. उत्तर त्यांना द्या."

"येगळा झालास तर माज्या दारात यायचं न्हाय."

"येणार की," धाकटा म्हणाला. त्याची नजर खाली गेली नाही. "तू भांड, मी येणार."

थोरले उठून गेले. जिन्यावरून त्यांचा आवाज खालच्या दुकानापर्यंत पोचला. संध्याकाळपर्यंत पेठेत बोभाटा झाला, ही बाई घरं फोडते. म्हणू देत. ज्या घरात भावाला एक वाक्य सांगता येत नाही, त्या घराला मी एकत्र घर म्हणणार नाही. आणि दारावरची ओळही पुसणार नाही.