धोंड्याची अंगठी आणि न दिलेलं भाडं

कसं सांगू, हसाल तुम्ही. पण चहा उकळेपर्यंत वेळ आहे, तर माझी फजिती ऐकाच.

मी लातूरला एका डाळीच्या कंपनीत हिशेब बघतो. कंपनीला जवळच्या मुरुडला गोदाम हवं होतं आणि माझ्या सासऱ्यांचं गोदाम रिकामं पडलं होतं. मीच मध्ये पडून तीन वर्षांचा करार करून दिला. पहिल्या वर्षी तीन लाख, दुसऱ्या वर्षी पाच, तिसऱ्या वर्षी सात. साहेब खूश, सासरे खूश, आणि मी तर काय, दोन्हीकडचा लाडका!

पहिलं वर्ष सरलं आणि धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी एकदा येणारा आम्हा जावयांचा सण. यंदा ताटात सोन्याची अंगठी आहे, हे बायकोनं आधीच कानात सांगितलं होतं.

पंगतीला सासरची सगळी भावकी. तुपात बुडवलेले दोन धोंडे पोटात गेले आणि मला शहाणपण सुचलं. मोबाइलवर कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला. भाड्याचं गोदाम आमचं एकच, त्यामुळे शोधायला लागलं नाही. मोठ्यानं वाचलं, "मामा, तुमचं गोदाम अहवालात आलंय बघा. यंदाचं भाडं पाच लाख."

मामांनी हातातला घास ताटात ठेवला.

"जावईबापू, मला तर तीनच आले."

आता इथं तरी माणसानं जपून बोलावं की नाही? मी म्हणालो, "बरोबर आहे. बाकीच्या दोन लाखांचा खर्च झालाय, पण दिलेले नाहीत."

"दिलेच न्हाईत, मंग खर्च कसा झाला?" चुलत सासऱ्यांनी विचारलं, आणि दारातल्या माझ्या नव्या गाडीकडे बघितलं. मग सगळ्या पंगतीनं बघितलं. अहो, ती गाडी हप्त्यावर आहे! पण बायकोसुद्धा वाढता वाढता थांबली. अंगठी राहिली बाजूला, भर पंगतीत जावई चोर ठरत होता.

शेवटी धोंडाच मदतीला आला. म्हटलं, "मामा, धोंडा तीन वर्षांनी येतो. पण त्याचा खर्च तुम्ही मनात दरसाल थोडाथोडा धरताच ना? धरला म्हणून कुणाच्या हातात पैसे पडत नाहीत. तसंच हे. तीन वर्षांचे पंधरा लाख, म्हणून कंपनी दरसाल पाच धरते. यंदा रोख तीन दिले. राहिलेले दोन तिसऱ्या वर्षीच्या सातात येतात."

मामांनी बोटांवर हिशेब केला आणि त्यांचा चेहरा खुलला. "हाव, समजलं. लई सोपं हाय की."

भावकी हसली आणि माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगतो, छातीही फुगली. आमच्या साहेबांना हा हिशेब अजून कळलेला नाही.

मग ओवाळणी झाली. ताटात अनारसे, बत्तासे, दिवा. मामांनी खिशातून लाल डबी काढली, अंगठी सगळ्यांना दाखवली, डबी मिटली आणि परत खिशात घातली.

"अंगठीचा खर्च यंदा धरला, जावईबापू. हातात पुढच्या धोंड्याला."

मी आशेनं बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "बघता काय? तुम्हीच तर समजावलंत."

लातूरला परतलो, तर शेजारी विचारू लागले, काय मिळालं धोंड्याला? म्हटलं, सोन्याची अंगठी. ते म्हणाले, दाखवा की.

आता काय दाखवू, अहवाल?