मन्मथची काळी मुंगी

सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. लातूरच्या एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात मन्मथ हुडगे काउंटरवर प्लास्टिकचं नाक उघडून समजावत होता. समोर किल्लारीचे शिक्षक आनंदराज सर होते, नाक चोंदलेले, घोरण्यानं बदनाम.

"कापाकापी न्हाई, टाके न्हाई. नाक नुसतं बधिर करायचं. आत बारीक सुई, जराशी उष्णता. वाढलेलं मांस आकसतं. खुर्चीवरच काम. दुपारच्या बसनं किल्लारी."

"दुखतंय का?"

"मुंगी चावल्यावानी. तीबी काळी, सर. लाल न्हाई."

मुंगीचा रंग सांगितला की पेशंट तयार होतो, हे मन्मथला नोकरीत लवकरच कळलं. पांढरा कोट त्यानं स्वतः शिवून घेतला आहे. लग्नात तो पाव्हण्यांना औषधं सांगतो आणि डॉक्टरांच्या पंगतीला बसतो. उपचाराच्या खुर्चीवर मात्र तो आजवर एकदाही बसलेला नाही. ती पुसतोही हात लांब करून.

वास्तविक त्या खुर्चीवर पहिला हक्क त्याचाच. दुपारी डबा खाऊन त्यानं काउंटरवर डोकं टेकलं की बाहेरचे लोक आत डोकावतात. मागच्या आठवड्यात उदगीरची एक बाई नवऱ्याचं घोरणं दाखवायला आली होती. तिनं मन्मथला घोरताना ऐकलं. "इथं रोज बसणाऱ्याचं हे, तर आपलं काय व्हणार?" म्हणत नवऱ्याला उठवून घेऊन गेली.

शेवटी दवाखान्याच्या डॉ. मंजुश्रींनीच मन्मथला तपासलं, झोपेची चाचणीही करून घेतली आणि सांगितलं, "तुम्हाला याचा उपयोग होईल. शनिवारपर्यंत करून घ्या. नाहीतर काउंटरला दुसरं कोणी बसेल, तुम्ही मागे औषधांची खोली सांभाळा."

मागच्या खोलीत कोट लागत नाही. ऐकायलाही कोणी नसतं.

तेव्हा मन्मथनं धर्म पुढं केला. यंत्र चालताना अंगावर धातू नको, हा नियम पेशंटांना तोच सांगतो. त्याच्या गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी आहे. "मॅडम, आमच्या लिंगायतांत लिंग अंगावेगळं करत न्हाईत. जीव गेला तरी." डॉक्टरीणबाईंनी आग्रह सोडला. त्या दिवसापासून मन्मथच्या कपाळावरचे भस्माचे पट्टे रुंद होत गेले.

आज शुक्रवारी दुपारी त्याची बायको जगदेवी डबा घेऊन आली. डॉक्टरीणबाईंनी तिच्याजवळ हळहळ व्यक्त केली, "लिंगाची अडचण आहे, नाहीतर उद्याच झालं असतं."

"कसली अडचण?" जगदेवीनं डबा खाली ठेवला. "माझं सिझर झालं तवा चांदी काढली, लिंग पांढऱ्या कापडात गुंडाळून दंडाला बांधलं. गाठ यांनीच मारली की!"

"तवा निकड व्हती," मन्मथ पुटपुटला.

"आन आता? तुमच्या घोरण्यापायी मी स्वयंपाकघरात निजते, ती काय हौस व्हय? देवाच्या आड कशाला लपता? सुईला भेलो म्हना."

एक्स-रे काढून परतलेले आनंदराज सर बाकावरून हे सगळं ऐकत होते. त्यांनी घसा साफ केला.

"मन्मथराव, मुंगी काळीच हाय ना?"

मन्मथनं प्लास्टिकचं नाक मिटलं. "हाव."

"मग आधी तुमचं बघतो. पुढं माझं ठरवू."

"लई पेशंट हायत उद्या," मन्मथ बायकोला म्हणाला. "शेवटचा नंबर लावतो."

"पहिला लावा. शेवटचा लावला तर मधीच औशाला मावशीकडं जाल."

डॉक्टरीणबाई मान डोलावून आत गेल्या. मन्मथनं कोटाच्या खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं. शेवटी नाव जगदेवीनं सांगितलं आणि आनंदराज सरांनी उद्याच्या नंबरांच्या फळ्यावर लिहिलं, शाळेतल्या वळणदार अक्षरात.

उद्या शनिवार. दवाखाना दहाला उघडतो. साडेदहाची वेळ मन्मथ हुडगे यांची आहे. तेवढा वेळ काउंटरवर जगदेवी बसेल.