शिट्टीबाई आणि फाटकावरची रांग

माझी धाकटी जाऊ समोरच्या शाळेत पी.टी. शिकवते. गल्लीत तिला सगळे शिट्टीबाई म्हणतात, कारण गळ्यातली शिट्टी ती फक्त अंघोळीपुरती काढते. एका दुपारी झोपेत ती "सावधान!" म्हणून ओरडली. पलीकडच्या खोलीत मामंजी लवंडले होते, ते ताडकन उठून उभे राहिले. नंतर म्हणाले, "सूनबाई, निदान विश्राम तरी म्हणायचंत. गुडघे गेले माझे."

यंदा तिच्या सहावीत एक नवी मुलगी आली. सीमेपलीकडे राहणं अशक्य झालं म्हणून बापलेक घरदार सोडून इकडे आलेले. भाषा येईना, त्यामुळे बाकीच्या तासांना पोर भिंतीकडे बघत बसायची. पी.टी.च्या तासाला मात्र खुलायची, धावण्यात तर सगळ्यांच्या पुढे. "डावीकडे वळ" म्हटलं की इथे जन्मलेली निम्मी मुलंसुद्धा उजवीकडेच वळतात. त्या गोंधळात नवीन कोण आणि जुनं कोण, हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. जाऊने हे हेरलं आणि मधल्या सुट्टीत तिला मैदानावरच भाषा शिकवायला घेतली. परिणाम असा, की पोरीला भाषा आली ती निव्वळ हुकमांची. एकदा आमच्याकडे आली, मी दुधाचा पेला हातात दिला, तर मला म्हणाली, "शाबास! जागेवर बसा!"

मी बसले.

मग निवडणूक आली. "बाहेरच्यांना शाळेत जागा नको" असे फलक लागले आणि रोज सकाळी शाळेच्या फाटकावर एक टोळकं घोषणा द्यायला लागलं. पोरगी घाबरून यायचीच बंद झाली. जाऊ त्यांच्या घरी जाऊन बापाला भेटली. तो मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "सोमवारी शेवटचं आणतो. नीट आत गेली तर गेली. नाही तर शाळा बंद. माझ्याबरोबर कामावर."

मुख्याध्यापकांनी सुचवलं, "मागच्या दाराने आणू या का तिला?"

"मागच्या दाराने कचऱ्याची गाडी जाते, सर," जाऊ म्हणाली. "माझी धावपटू नाही जात."

सोमवारी गडबडीत बाईसाहेब डबा विसरल्या, म्हणून तो घेऊन मी फाटकाशी गेले. टोळकं जमलेलंच होतं. मधोमध त्यांचा पुढारी, अंगाने बुटका, म्हणून दगडावर चढलेला. रस्त्याच्या कडेला कामाच्या हत्यारांची पिशवी खांद्याला लावलेला बाप, आणि त्याच्या सदऱ्यामागे पोरगी. घोषणांचा आवाज चढला तसा बाप माघारी वळलाच.

तेवढ्यात जाऊ बाहेर आली. मला वाटलं, आता ही त्यांना चार शब्द समजुतीचे सांगेल. पण तिचं घोषणांकडे लक्षच नव्हतं. तिला खुपलं भलतंच.

"ही काय उभं राहायची पद्धत झाली? गुरं चरायला सोडलीत का?" आणि तिने लांबलचक शिट्टी फुंकली. "उंचीनुसार! एक हात अंतर!"

त्यातले बहुतेक तिच्याच हाताखालून गेलेले. डोक्याला काही कळायच्या आत पाय हलले. फलक खाली, हात पुढच्याच्या खांद्यावर! पुढारी दगडावरून उतरला आणि जुन्या सवयीने सगळ्यांत पुढे येऊन उभा राहिला. मग त्याला आपला हुद्दा आठवला.

"बाई, मी आता उंच झालोय."

"कोणापेक्षा?"

मागून तक्रार आली, "बाई, हा ढकलतोय!" एक मिशाळ गृहस्थ तर या शाळेचाही नव्हता. तुम्ही का उभे, असं विचारल्यावर म्हणाला, "सगळे उभे राहिले म्हणून."

"आणि तुम्ही तिकडे काय बघताय? या रांगेत!" हे मुलीच्या बापाला. त्या बिचाऱ्याला नीट कळलं नाही, पण आवाज कळला. तो मिशाळाच्या मागे पिशवीसकट ताठ उभा राहिला.

बापाला तसं बघून पोरगी खो खो हसत सुटली. मग हात मागे बांधून रांगेवरून चालत आली, थांबली, आणि येत होती त्या भाषेत कडाडली, "पोट आत!"

सगळ्यांची पोटं आत गेली. पुढाऱ्याचं जरा वेळाने. पोरगी त्यांच्या समोरून धावत फाटकातून आत!

घंटा झाली, जाऊही तिच्यामागे गेली, आणि रांग मोडा म्हणायचं राहून गेलं. कोणी हलेना. पुढारी ओठ न हलवता मला म्हणाला, "काकू, तुम्ही म्हणा ना."

"नको रे बाबा, मला कुठे अधिकार? मी डबा द्यायला आलेय."

शेवटी शिपाईमामांनी दया केली.

दुसऱ्या दिवशी घोषणा होत्याच. मतं काय अशी एका सकाळीत बदलतात थोडीच! पण त्या दिल्या गेल्या पार कोपऱ्यावर, औषधांच्या दुकानाशी. फाटक मोकळं होतं. बापाने कोपऱ्याकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, आणि लेकीला म्हणायला तोंड उघडलं, "संध्याकाळी न्यायला..."

ऐकायला पोरगी होती कुठे? ती केव्हाच आत गेली होती.