नव्या शास्त्राची पिशवी

नांदुऱ्याच्या स्टेशनावर उतरले तेव्हा माझ्या एका खांद्याला कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्याला पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) नव्या भाषांतराच्या प्रती. नाशिकहून निघताना नवऱ्यानं विचारलं होतं, "मामांना भेटायला चाललीस की प्रचाराला?" मी पिशव्या उचलल्या. खरं उत्तर 'दोन्हीला' असं होतं.

जळगाव जामोदची एसटी खच्चून भरलेली. माझ्या मांडीवर शास्त्राची पिशवी आणि तिच्यावर शेजारच्या आजीबाईंच्या मेथीच्या जुड्या, असा प्रवास झाला. पूर्णेचा पूल ओलांडल्यावर दोन्हीकडे वेचणीला आलेला कापूस आणि समोर सातपुड्याची निळी रेघ दिसू लागली.

मामा दारातच उभे होते. "आली का वं पोरी? मी कवाचा वाट पाहून राह्यलो!"

मामा निवृत्त हेडमास्तर. साखरेनं (मधुमेहानं) डोळे नेले, पण आवाज अजून वर्गातलाच. शेजारच्या शोभाताईंनी पातोड्यांचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची झणझणीत आमटी) पाठवला होता. मी घासागणिक पाणी पीत होते आणि मामांना ते ऐकून कोण आनंद होत होता.

संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. जाताना मला फाटकापाशी थांबवून म्हणाले, "मंडळीत दोन तट पडले, ताई. अर्धे जुनं शास्त्र वाचतात, अर्धे नवं. एकत्र वाचायला लागले की कोणालेच काही कळत नाही. मागच्या रविवारी तं सख्ख्या जावा वेगळ्या सतरंज्यांवर बसल्या."

"मग नवंच ठरवून टाका ना." मी नाशिकला संडेस्कूल घेते. मुलांना कळेल ते शास्त्र खरं, हे माझं ठाम मत.

"मास्तर दर रविवारी मेंढपाळाचं स्तोत्र तोंडपाठ म्हणतात, जुन्यातलं. ते उभे राहतात तोवर जुनेवाले हलत नाहीत. मास्तर थांबले की भांडण मिटलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा अंगणात बाजेवर बसले. "उद्याची तयारी करतो. तू शास्त्र धर. चुकलो तं सांगजो."

मी माझंच पुस्तक उघडलं. पहिल्याच ओळीला संडेस्कूलच्या सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "तसं नाही मामा," आणि मी नवी ओळ वाचून दाखवली. ते थबकले. पुन्हा सुरुवात केली. मी पुन्हा टोकलं. तिसऱ्यांदा मात्र ते बोललेच नाहीत. त्यांचा हात बाजेची कड चाचपत राहिला.

"प्रमिला, तुह्या मामीचंबी असंच सुरू झालं होतं. आधी प्रार्थना इसरली. मंग मले."

मामी शेवटी त्यांना ओळखत नव्हत्या, हे मला माहीत होतं. 'मामा, पुस्तक वेगळं आहे,' एवढंच म्हणायचं होतं. पण पाळकसाहेबांचे शब्द आठवले. वाटलं, आपोआपच होतंय, होऊ दे. मी म्हणाले, "वयानं होतं, मामा."

रविवारी मामा पुढच्या रांगेत बसून राहिले. पाळकसाहेबांनी नव्यातून वाचलं. कुणी हूं की चूं केलं नाही. बाया एकमेकींकडे आणि मग मामांकडे बघत राहिल्या. बाहेर आल्यावर पाळकसाहेब मला म्हणाले, "प्रभूनं मार्ग काढला." मला मान वर करवेना.

जेवताना मामांनी मध्येच घास थांबवला. "तुह्या मामीचं माहेर धामणगाव बढेच ना? सांग बरं."

"हो मामा."

"तसंच वाटे मले. पण इचारलेलं बरं."

लाज म्हणजे काय ते मला त्या ताटावर कळलं. आणि तरीही मी तिथं बोलले नाही. भित्री ती भित्रीच. शोभाताईंचा हात धरून मामा मला स्टँडवर सोडायला आले, एसटी लागली, तेव्हा कुठे मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी शोभाताईंचा हात सोडला. मग हळूच म्हणाले, "म्हंजे मी इसरलो नाही." आणि तिथेच, शेडखाली, खणखणीत आवाजात त्यांनी अख्खं स्तोत्र म्हटलं. केळीवाला हातातला तराजू धरून ऐकत राहिला. शोभाताईंनी डोळ्यांना पदर लावला.

संपल्यावर त्यांनी विचारलं, "पण तुले तं तवाच माहीत होतं ना, पोरी?"

"हो."

"जाय. जागा धर."

परतीच्या वाटेवरचं मला काही आठवत नाही. सातपुडा मागे होता, मी वळून पाहिलं नाही. मामा पुन्हा उभे राहू लागलेत, असं पाळकसाहेबांनी कळवलं. सतरंज्याही पुन्हा वेगळ्या झाल्यात. मला अजूनही नवं भाषांतर सोपं वाटतं, पण हल्ली मी त्यावर वाद घालत नाही. तो हक्क मी त्या बाजेपाशी घालवला.

शनिवारी मामांचा फोन येतो. तयारीला त्यांना अजून मीच लागते. आधी ख्यालीखुशाली, मग खाकरणं. आणि स्तोत्र सुरू करण्याआधी ते दर वेळी विचारतात, "प्रमिला, तुह्या हातात कोणतं पुस्तक हाय?"