गांडूळबाईंनी न लिहिलेला शोधनिबंध

विद्यापीठात तिला सगळे गांडूळबाई म्हणत. पाठीमागेच नव्हे, तोंडावरसुद्धा. उभं आयुष्य मातीतल्या गांडुळांच्या अभ्यासात गेलेलं, त्यामुळे तिलाही त्या नावाचं काही वाटेनासं झालं होतं. सलत होतं ते वेगळंच. विभागाचा प्रमुख तिचा वर्गमित्र, एका बाकावर बसून शिकलेला. पुढे तो गोड बोलून वर चढत गेला आणि ही मातीत हात घालून आहे तिथेच राहिली. प्रमुख झाल्यावर त्याने पहिलं काम काय केलं, तर हिची प्रयोगशाळा जिन्याखालच्या खोलीत हलवली आणि जुन्या खोलीत पाहुण्यांसाठी गुबगुबीत खुर्च्या मांडल्या.

"अगं, आता माती उकरत कोण बसतं?" तो म्हणाला होता. "एआयला विचारायचं. तू वर्षभर शोधशील ते चहा निवायच्या आत हातात."

त्या संध्याकाळी ती घरी येऊन थोरल्या बहिणीला म्हणाली, "ताई, याला एक दिवस मातीच चारीन."

"नुसती बोलू नकोस," ताई म्हणाली. आगीत तेल ओतायला ताई कधीच मागे नसायची.

संधी प्रमुखाने आपल्या हातानेच आणून दिली. त्याने मातीतल्या जीवांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, म्हणजे एआयकडून लिहून घेतला, आणि छापायच्या आधी हिच्यापुढे आणून टाकला. "शुद्धलेखन तेवढं बघ. मजकुराला हात लावू नकोस."

पाठीमागच्या संदर्भांत तिला स्वतःचंच नाव दिसलं. खाऱ्या जमिनीत गांडुळं जोमाने वाढतात, असं म्हणे तिने सिद्ध केलं होतं. ती उडालीच. खारट मातीत गांडूळ तडफडून मरतं, हे तिने किती वेळा डोळ्यांनी पाहिलेलं! असा निबंध तिने जन्मात लिहिला नव्हता. मग ती बाकीचे संदर्भ शोधू लागली. एका ठिकाणी नियतकालिक खरं, अंकही खरा, पण सांगितलेल्या पानावर डुकरांच्या लशीवरचा लेख. एका परक्या प्राध्यापकाला पत्र टाकलं, तर त्याचं उत्तर आलं, 'मी पक्ष्यांचा अभ्यास करतो. गांडुळांशी माझा संबंध चोचीपुरताच.'

प्रमुखाने एकही संदर्भ उघडून पाहिला नव्हता.

तिने ऱ्हस्व-दीर्घ नीट केले, स्वल्पविराम जागच्या जागी बसवले आणि गठ्ठा परत केला.

"काही अडलं का?" त्याने विचारलं.

"छे! सुरेख झालंय."

प्रकाशनाला सभागृह गच्च भरलं. कुलगुरू पहिल्या रांगेत. प्रश्नांची वेळ आली तशी ती उठली. एरवी त्याला 'अरे' म्हणणारी ती आज अदबीने म्हणाली, "सर, पुस्तकात माझ्या एका निबंधाचा आधार घेतलाय. तो मला वाचायला मिळेल का? मी अजून लिहिलेला नाही."

"बाई विसरल्या वाटतं," प्रमुख हसला. फोन माइकपुढे धरून त्याने एआयलाच विचारलं. एआयने ठासून सांगितलं की निबंध बाईंचाच, आणि वर त्याचा सारांशही ऐकवला. प्रमुखाने ऐटीत सभागृहाकडे पाहिलं.

तिने फोन मागून घेतला. "मीच ती बाई. मी हे लिहिलेलं नाही."

"क्षमस्व, आपलं बरोबर आहे," फोन म्हणाला. "असा निबंध अस्तित्वात नाही."

"थांब, आठवलं. मीच लिहिलाय."

"अगदी बरोबर! तो आपला महत्त्वाचा निबंध आहे."

लोक पोट धरधरून हसले. कुलगुरू हसले नाहीत. तिला तिथे थांबता आलं असतं, पण तिने पुस्तक उघडलं आणि एकेक खोटा संदर्भ मोठ्याने वाचून दर वेळी त्याच्याकडे बघत विचारत राहिली, "आणि हा कुठे मिळेल, सर?" तो आपल्याच पुस्तकाची पानं पुढे-मागे उलटत राहिला. ते तिने डोळे भरून पाहिलं.

पुस्तक मागे घेतलं गेलं. प्रमुखपदही गेलं. मग एके दिवशी तो जिन्याखाली आला. दार ठेंगणं, त्याला वाकूनच आत यावं लागलं.

"तुला सगळं माहीत होतं. तेव्हाच सांगितलं असतंस तर?"

"तर तू गुपचूप दुरुस्त करून मिरवला असतास."

"इतका राग होता?"

"होता. आता जरा उतरलाय."

त्याच आठवड्यात एक नर्सरीवाला तिला शोधत आला. प्रकाशनाआधी पेपरात पुस्तकातला एक उतारा छापून आला होता. तो वाचून त्याने खाऱ्या वाफ्यांत पोतीच्या पोती गांडुळं सोडली. सगळी मेली.

"बाई, खाली तुमचं नाव होतं, म्हणून तर विश्वास ठेवला," तो म्हणाला.

तो उतारा तिनेही वाचला होता, आणि ती गालातल्या गालात हसली होती. त्याच्या नजरेला नजर देणं तिला जमेना.

"ते पापही त्या मेल्याच्याच माथी," घरी ताईने निकाल दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या कुंड्यांतली गांडुळं ओल्या मातीसकट डब्यांत भरून ती नर्सरीकडे निघाली. जाऊन त्याला काय सांगायचं, हे तिचं ठरलं नव्हतं. वाटेत समोरून तो माजी प्रमुख येताना दिसला. तिला पाहताच त्याने मान खाली घालून रस्ता बदलला, आणि हातातल्या ओझ्यासकट तिला बरं वाटलं, मनापासून बरं वाटलं.