नापास झालेल्या काकांची गाडी

पास झाले! पनवेलकरांनो, मी पास झाले! पण पहिला पेढा नेरे गावच्या एका काकांचा.

ड्रायव्हिंग टेस्टच्या स्लॉटसाठी दोन महिने रोज सकाळी मोबाईल घेऊन बसत होते. बघावं तेव्हा फुल्ल! लर्निंग लायसन्स परवा संपणार होतं, तेव्हा कुठे आजचा स्लॉट मिळाला.

नंबर आला, आरटीओच्या साहेबांनी कागद बघितले, तर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचा इन्शुरन्स कालच संपलेला! आमचे सर म्हणे, "हप्ता केवढा वाढलाय! आज भरणारच होतो." मला रडूच फुटलं.

तेवढ्यात एका अनोळखी काकांनी किल्ली पुढे केली. "घे पोरी, माज्या गाडीचा इन्शुरन्स हाय. भिऊ नको."

रिव्हर्स जमला, चढावर गाडी जराही मागे सरकली नाही. पास!

किल्ली परत देताना विचारलं, "काका, तुमची टेस्ट कधी?"

"झाली की मगाशी. चढावर बंद पडली. नापास!"

आणि हसत हसत ते बाजूच्या सीटवर जाऊन बसले. सोबत आलेल्या काकूंकडे लायसन्स होतं, गाडी त्यांनीच घरी नेली.

खरं सांगा, नुकतेच नापास झाला असतात, तर दिली असती तुम्ही आपली किल्ली?